लक्का, गिरेबाज, रोलर: हौशी कबुतरांची पैदास पहिल्यापासून

कबुतरं आणण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुम्हाला पक्षी पिंजऱ्यात उभा करून दाखवायचाय, तासन्‌तास आकाशात ठेवायचाय, की कोलांट्या मारताना बघायचाय? तिन्ही हौशी एका ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या एका घरात, नांदू शकतात, एका जोडीत मात्र नाही. देखण्या शेपटीचा नर आणि उंच उडणारी मादी एकत्र लावली की जे पिल्लू निघतं त्याला धड शेपूट नसते आणि धड उडताही येत नाही. बाजारात अशी पिल्लं ‘क्रॉस’ म्हणून चढ्या भावाने विकली जातात. नवशिक्याने त्यांच्यापासून लांब राहावं.

आपल्याकडे हा शौक जुना आहे. ‘आइन-ए-अकबरी’त अबुल फजल सांगतो की अकबर या खेळाला ‘इश्कबाजी’ म्हणत असे, दरबारी वीस हजारांवर कबुतरं होती आणि त्यातली पाचशे खास होती. हवेत घेतलेली पूर्ण गिरकी म्हणजे ‘चर्ख’ आणि उलटी कोलांटी म्हणजे ‘बाजी’, असा हिशेब तेव्हाच ठेवला जाई. जाती एकमेकींत मिसळून सुधारण्याचा नाद अकबराला होता हेही त्यात आहे. चार्ल्स डार्विनने १८५५ पासून स्वतः कबुतरं पाळली. इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या सगळ्या जाती एकाच रानटी पारव्यापासून निघाल्या, हे त्याने मांडलं. निवड करत गेलं की काय होतं याचा पुरावा म्हणून त्याला कबुतरासारखं उदाहरण सापडलं नाही. आपणही छपरावर तेच करतो, फक्त आपल्या हातात पिढ्या कमी असतात.

जात आणि पक्षी निवडताना

दाखवण्यासाठी सुरुवात करायची तर लक्का घ्या. साध्या कबुतराच्या शेपटीत १२ पिसं असतात, लक्क्याच्या शेपटीत तीसच्या आसपास. देशी लक्क्याला डोक्यामागे तुरा आणि पायांवर पिसं असतात. इंग्रजी लक्का मान इतकी मागे टाकतो की डोकं शेपटीला टेकतं. या दोघांची सरमिसळ करू नका. शिराजी अंगाने भरदार, शांत आणि पिल्लं छान वाढवणारा. मुक्खी छोटी आणि सतत मान थरथरवणारी. तिच्यात डोकं पांढरं आणि प्रत्येक पंखाची टोकाकडची दोन पिसं पांढरी असावी लागतात, त्यामुळे अचूक खुणांचा पक्षी निघायला वेळ लागतो.

उडवायची असतील तर गिरेबाज, हायफ्लायर किंवा टिपलर. कसरतीसाठी रोलर. जमिनीवर लोळणारा लोटण हाही याच गटातला, पण त्याच्याबद्दल माझं मत खाली लिहिलंय.

जात कुठलीही असो, आठ जाती एकेक जोडी आणण्यापेक्षा एका जातीच्या चार ते सहा जोड्या आणा, आणि शक्यतो एकाच पाळणाऱ्याकडून. त्याच्याकडचे आईबाप आणि भावंडं बघता येतात. एकटा सुंदर पक्षी बघून काही कळत नाही. सामान्य घराण्यात अपघाताने एखादा देखणा निघतो, आणि त्याची पिल्लं घराण्यावर जातात. त्याउलट चांगल्या घराण्यातला जरा डावा भाऊ पैदाशीला पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. किंमतही निम्मी असते.

हातात घेऊन बघा. छातीचं हाड सरळ हवं आणि दोन्ही बाजूंना मांस हवं. चोच उघडून घशात बघा, पिवळट चिकट चट्टे दिसले तर परत ठेवा. शेपटीखालची पिसं कोरडी हवीत. श्वास घेताना शेपूट वरखाली होता कामा नये. भडक रंगाच्या पक्ष्याची पिसं ओल्या कापसाने पुसून, रंग लावलेला तर नाही ना, हे बघायला लाजू नका. घरी आणल्यावर नवे पक्षी तीन ते चार आठवडे वेगळे ठेवा. त्यांचं दाण्याचं भांडं, पाण्याचं भांडं आणि तुमच्या चपलासुद्धा वेगळ्या. सगळ्यात जास्त ढाबळी या एका नियमाला फाटा दिल्याने बसल्या आहेत.

ढाबळ

कबुतराला थंडी सोसते, ओल सोसत नाही. कोकणात तर हे भिंतीवर लिहून ठेवा. ढाबळ जमिनीपासून दोन फूट वर, तोंड पूर्वेला, पावसाच्या माऱ्याकडची बाजू बंद आणि छताखाली हवा जायला फट. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्यावर गवताचा किंवा पाचटाचा थर नसेल तर मे महिन्यात आत पिल्लं भाजतात. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या जाळीतून उंदीर येतो, आणि उंदरामागून साप.

एका जोडीला आठ ते दहा चौरस फूट जमीन धरा. घरट्याचा खण दोन फूट रुंद, सोळा इंच उंच आणि तितकाच खोल. लक्का, शिराजी यांना त्याहून मोठा लागतो. प्रत्येक खणात दोन मातीच्या परळी ठेवा, कारण पहिली पिल्लं परळीत असतानाच मादी दुसरी अंडी घालते. घरट्यासाठी कडुनिंबाच्या बारीक काड्या आणि थोडा काथ्या टाका. काड्या नर स्वतः निवडून नेतो, तुम्ही घरटं बांधून देऊ नका.

खाणं सोपं आहे. मध्यम पक्ष्याला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम पुरतं. ज्वारी, बाजरी, गहू, मका हा मुख्य भाग. मूग, मठ, मसूर, हिरवा वाटाणा मिळून पाव हिस्सा, आणि पिल्लं असताना तिसरा हिस्सा. करडई मूठभर, पिसं गळायच्या दिवसांत थोडी जास्त. शिंपल्यांचा चुरा, विटेची खडी, कोळसा आणि चिमूटभर मीठ वेगळ्या वाटीत कायम हवं. पावसाळ्यात दाणा उन्हात सुकवल्याशिवाय देऊ नका. बुरशी लागलेला मका कबुतराला सगळ्यात वाईट.

जोडी लावणं

खरी पैदास इथे होते. बाकी सगळं संगोपन.

नर-मादी ओळखण्यात नवशिके फसतात. घुमून गोल फिरणारा, गळा फुगवून शेपूट जमिनीला घासणारा तो नर, हे साधारण खरं. पण दोन माद्या एकत्र ठेवल्या तर त्यातली एक नरासारखी घुमू लागते. घरट्यात दोनऐवजी चार अंडी दिसली की समजा, दोन्ही माद्या आहेत. अंडी अर्थातच पोकळ.

जोडी लावताना एकच कसोटी वापरा: एकात जे कमी आहे ते दुसऱ्यात भरपूर हवं आणि दोघांत एकच दोष नको. लक्क्याच्या नराची शेपूट मधोमध फाटत असेल तर मादीची शेपूट घट्ट, एकावर एक पिसांची हवी. मात्र उणीव भरायची म्हणून दुसऱ्या टोकाचा पक्षी लावू नका. फार लांब पाय आणि फार आखूड पाय यांची पिल्लं मध्यम पायांची निघतीलच असं नाही, दोन्ही टोकांची निघतात. दोषाच्या जागी योग्य गुण असलेला पक्षी शोधा.

नात्यातली जोडी लावावी का, हा प्रश्न येतोच. बाप-मुलगी किंवा सख्खी भावंडं लावली तर पिल्लांतला रक्ताचा निकटपणा २५ टक्के होतो. आजोबा-नात किंवा सावत्र भावंडांत साडेबारा, सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. एखाद्या अस्सल नराचे गुण घराण्यात पक्के करायचे तर आजोबा-नात ही जोडी मला सर्वांत शहाणी वाटते. सख्खी भावंडं लावून गुण लवकर पक्के होतात तसे दोषही होतात. अंडी कमी फुटू लागली, पिल्लं लहान राहू लागली, की बाहेरचा पक्षी आणा, तोही त्याच जातीच्या दुसऱ्या चांगल्या घराण्यातला.

रंगाचं गणित थोडं समजून घेतलं तर पुष्कळ उपयोग होतो. पक्ष्यांत लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी ज्यावर मूळ रंगाचं जनुक असतं त्याच्या नराकडे दोन प्रती असतात, मादीकडे एक. मादी ती प्रत फक्त मुलग्यांना देते, मुलीला ती बापाकडूनच मिळते. म्हणून पारव्याच्या निळ्या रंगाचा नर आणि लालसर पट्ट्यांची राखी मादी लावली तर सगळे नर राखी-लाल निघतात आणि मादी एकही राखी-लाल निघत नाही. पिसं फुटली की नर कोण, मादी कोण हे घरट्यातच कळतं. उलटी जोडी लावली तर हा फायदा नाही. राखी-लाल नराच्या पंखांवर किंवा शेपटीवर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके असतील तर तो निळा रंग लपवून बसलाय असं समजा. अंड्यातून निघालेलं पिल्लू जवळजवळ उघडं, पिवळ्या लवेशिवाय दिसलं तर घाबरू नका. तो फिका रंग घेऊन आलाय, मोठेपणी पिवळा, चंदेरी किंवा मळकट होईल.

तुरा मात्र वेगळ्या वाटेने जातो. तो दोन्ही बाजूंनी आला तरच दिसतो, त्यामुळे दोन तुऱ्याच्या पक्ष्यांना बिनतुऱ्याचं पिल्लू होत नाही, पण दोन बिनतुऱ्याच्या पक्ष्यांना तुऱ्याचं होऊ शकतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी या तुऱ्यामागचं जनुक शोधून काढलं, पण पाळणाऱ्यांना हिशेब आधीपासून पाठ होता. आणखी एक: दोन आलमंड (बदामी, गडद शिंतोड्यांच्या) रंगाचे पक्षी कधीही एकत्र लावू नका. दोन्हीकडून तो रंग आलेल्या नर पिल्लांत डोळ्यांचे गंभीर दोष येतात, पुष्कळ जगत नाहीत.

हंगाम पाळा. जून-जुलैपासून पिसं गळायला लागतात, तेव्हा नर-माद्या वेगळ्या करा आणि पावसाळाभर वेगळ्याच ठेवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास जोड्या लावा आणि मार्च अखेर थांबा. एका जोडीकडून वर्षाला तीन वेण्यांपेक्षा जास्त घेऊ नका (एका वेळची अंडी-पिल्लं म्हणजे एक वेण). बाजारासाठी आठ-आठ वेणी काढणारे आहेत. त्यांच्या माद्या दुसऱ्या वर्षी उन्हात ठेवलेल्या वाळवणासारख्या दिसतात.

नवी जोडी खणात मधे जाळी टाकून चार-सहा दिवस ठेवा. मादी जाळीला चिकटून बसू लागली, नर चोचीतून भरवायला बघू लागला, की जाळी काढा. नर मादीला खूप टोचत असेल तर परत जाळी लावा. हट्ट करू नका, काही जोड्या जमत नाहीत.

अंडं ते रिंग

मीलन सुरू झाल्यावर आठ-बारा दिवसांत पहिलं अंडं येतं, बहुधा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. दुसरं तिसऱ्या दिवशी दुपारी. पहिलं अंडं आलं की ते काढून कापसात ठेवा आणि जागी खोटं अंडं ठेवा. दुसरं आलं की खरं परत ठेवा. दोन्ही पिल्लं एकाच दिवशी निघतात आणि आधी निघालेलं धाकट्याला दाबत नाही. लहान चोचीच्या जातींत याने फार फरक पडतो.

दुसऱ्या अंड्यापासून १७-१८ दिवस धरा. सकाळी उशिरापासून दुपार उतरेपर्यंत नर बसतो, बाकी वेळ मादी. पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरा. लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर जीव आहे. स्वच्छ दिसलं तर पोकळ. दोन्ही पोकळ असली तरी लगेच फेकू नका, मादीला दहा-बारा दिवस बसू द्या, नाहीतर ती आठवडाभरात परत अंडी घालून झिजते.

पहिले पाच-सात दिवस आईबाप दोघंही गळ्यातलं दूध भरवतात. हे दूध गळ्याच्या पिशवीच्या आतल्या थरापासून तयार होतं, बाहेरून त्याला पर्याय नाही. म्हणूनच ज्या जाती नीट भरवत नाहीत, म्हणजे आखूड चोचीचे टंबलर, मोठ्या गळ्याचे पाउटर, त्यांची अंडी दाईकडे द्यावी लागतात. साधी होमर (लांबून घरी परतणारी जात) किंवा देशी जोडी उत्तम दाई होते. दाईची अंडी आणि तुमची अंडी यांत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर दूध तयार व्हायच्या आत पिल्लू निघतं. माझं मत विचाराल तर प्रत्येक हौशी ढाबळीत एकतृतीयांश जोड्या दाईच्या असाव्यात. आणि दाईवर वाढवायला लागणाऱ्या पक्ष्यांतूनही जी जोडी स्वतः एखादं पिल्लू वाढवते तिलाच पुढे न्या. त्या एका निवडीने सहा-सात वर्षांत घराणं बदलतं.

सातव्या-आठव्या दिवशी पायात बंद रिंग, म्हणजे नंबर असलेलं बिनजोडाचं कडं, घाला. पुढची तीन बोटं एकत्र धरून रिंग सरकवा, मागचं बोट पायाला लावून त्यावरून नेऊन सोडा. दहाव्या दिवशी जमत नाही, पाचव्या दिवशी गळून पडते. होमरसारख्या पायाला ८ मिमीची चालते. पायांवर पिसं असलेल्या जातींना मोठी हवी. रिंग घातली त्याच दिवशी वहीत लिहा: जोडी, अंड्याची तारीख, रिंगचा नंबर, रंग, आणि एक कोरा रकाना ‘काय निघालं’ यासाठी. तो रकाना वर्षाने भरायचा असतो. पैदास करणाऱ्याची खरी मालमत्ता तीच.

२८ ते ३२ दिवसांत पिल्लं वेगळी करा. स्वतः दाणे टिपतात आणि पाणी पितात हे बघून, तारीख बघून नव्हे.

दाखवण्यासाठी

लक्क्याची जोडी लावताना दोघांच्या शेपटीखालची आणि गुदद्वाराभोवतीची पिसं कातरा, नाहीतर मीलन होत नाही आणि अंडी पोकळ राहतात. पायांची पिसंही आखूड करा. लांब पिसांत अडकून अंडं परळीबाहेर येतं. जॅकोबिनच्या मानेभोवतीचा झालर-कॉलर पैदाशीच्या दिवसांत कापावा लागतो, कारण त्याला बाजूचं दिसत नाही. अर्थात असे कातरलेले पक्षी त्या मोसमात प्रदर्शनाला नेता येत नाहीत. पिसं गळून नवी आली की जातात.

प्रदर्शनात परीक्षक आधी ठेवण बघतो: पक्षी उभा कसा राहतो. मग डोकं, शेपूट, खुणा, रंग, शेवटी पिसांची तकाकी. ठेवण रक्तातून येते, पण उभं राहणं शिकवावं लागतं. सहाव्या आठवड्यापासून पिल्लाला रोज थोडा वेळ प्रदर्शनाच्या मापाच्या पिंजऱ्यात ठेवा, बारीक काठीने हळूच छाती उचला, बाहेर माणसं फिरू द्या. पिंजऱ्यात भिंतीला तोंड करून बसणारा पक्षी कितीही सुंदर असला तरी मागे पडतो. प्रदर्शनाच्या दोन-तीन दिवस आधी अंघोळ द्या, आदल्या दिवशी नाही. पिसांवरची पावडर परत यायला वेळ लागतो.

उडवण्यासाठी

उडणाऱ्या जातीत एक नियम मोडू नका: ज्याने किमान एक हंगाम तुमच्या छपरावरून उडून दाखवलेलं नाही त्याची पिल्लं काढू नका. घराणं कागदावर कितीही मोठं असू दे.

पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की छपरावर जाळीच्या पिंजऱ्यात रोज ठेवा, परिसर बघू द्या. भुकेली ठेवून शिट्टी वाजवा आणि दाणा टाका. शिट्टी ऐकून धावली की मगच सोडा, तेही संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी. मोठा विकत आणलेला पक्षी नव्या ढाबळीला लवकर रुळत नाही. त्याला जाळीआड जोडीला लावून एक वेण काढली की पुष्कळदा रुळतो. बांबूच्या छत्रीवर, म्हणजे उंच खांबावरच्या चौकटीवर, पांढरा लक्का ठेवला की वरचा थवा त्याला बघून उतरतो. इंग्लंडमधले टिपलर उडवणारेही नेमकं हेच करतात.

उडवायच्या पक्ष्यांना दिवसातून एकदाच, उतरल्यावर, पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकं खायला द्या. पोट भरलेला पक्षी छपरावर बसून राहतो. हिवाळ्यात बहिरी ससाणा येतो, शिकरा तर वर्षभर. दोघेही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यांना मारणं-पकडणं गुन्हा आहे. वेळ बदला, रोज एकाच वेळी उडवू नका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून संक्रांत उलटेपर्यंत थवा बंद ठेवा. नायलॉन मांजावर बंदी आहे, पण आभाळात तो असतोच.

कसरतीसाठी

रोलर तीन ते आठ महिन्यांत कोलांट्या घ्यायला लागतो. त्याआधी त्याच्याबद्दल मत बनवू नका. रोलरला दुसऱ्या जातीत मिसळलं तर पहिल्या पिढीत कोलांटी जवळजवळ जाते, म्हणून इथे क्रॉसला जागाच नाही.

बघायचं काय? कोलांट्या घेत किती खाली येतो हे शेवटी. आधी वेग: फिरताना पक्षी दिसेनासा होऊन चेंडू दिसतो का. मग सरळ रेषा. मग थांबणं: कोलांटी संपली की लगेच थव्यात परततो का. मग थव्याबरोबर एकाच वेळी कोलांटी घेतो का. लांबच लांब लोळत येऊन छपरावर आपटणारा पक्षी बघणाऱ्याला भारी वाटतो. त्याची पैदास करू नका. थांबता न येणं हा गुण नव्हे, दोष आहे, आणि तो पिल्लांत आणखी वाढतो.

लोटण हलवून किंवा डोक्याला स्पर्श करून जमिनीवर सोडला की लोळत राहतो, आणि पुष्कळदा उचलून घेतल्याशिवाय थांबत नाही. जातीचा इतिहास मोठा आहे हे मान्य, आइनमध्येही लोटण आहे. तरी दमेपर्यंत लोळवणं मला पटत नाही, आणि पाहुण्यांसमोर दाखवायला म्हणून तर नाहीच. ज्यांना जात टिकवायची आहे त्यांनी दोन-चार गिरक्यांत उचलून घ्यावं आणि स्वतःहून थांबणाऱ्या पक्ष्यांनाच पुढे न्यावं.

आजार आणि शेजार

मान वाकडी होऊन दाणा टिपताना चुकतो, पाणीदार विष्ठा: कबुतरांची मानमोडी, कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या जवळच्या विषाणूची. बरा झालेला पक्षीही काही काळ रोग पसरवतो. लस हंगामाआधी पशुवैद्यकाला विचारून टोचून घ्या. देवी डासांतून पसरते, पावसाळ्यात डासांची जाळी लावा. घशातले पिवळे चट्टे पाण्याच्या भांड्यातून पसरतात. भांडी रोज घासा, औषध मात्र मनाने देऊ नका. अर्धवट मात्रेने रोग मुरतो. पंखांखाली पळणारी चपटी माशी पिल्लांचं रक्त पिते. परळीतल्या काड्या प्रत्येक वेणीनंतर जाळा.

ढाबळ झाडताना तोंडाला मास्क बांधा, आधी पाणी शिंपडा. पिसांच्या आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आधी सांगा. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत जो वाद पेटला त्यानंतर सोसायट्यांत लोक कबुतर म्हटलं की सावध होतात, आणि त्यांची भीती पोकळ नाही. ढाबळीचा वारा शेजाऱ्याच्या खिडकीकडे जात असेल तर जागा बदला. विष्ठा गोणीत भरून कुजवा, भाजीवाल्या शेतकऱ्यांना ते खत हवं असतं. छपरावर पारव्यांना दाणे टाकू नका. पाळलेल्या थव्यात रोग आणायची ती सगळ्यात सोपी वाट आहे.

हंगाम संपला की वही उघडा आणि जोड्या ठरवा, पक्षी हातात घेऊन, एकेक करून. ज्यांची पिल्लं ‘काय निघालं’ या रकान्यात दोन वर्षं सामान्य दिसतात ती जोडी मोडा. नर देखणा असला तरी.